डंपर, बॉयलर आणि माझा मामा

माझ्या मामाइतक्या हलक्या माणसानं वजनदार माणसांवर इतका जीव टाकलेला जालना जिल्ह्यात दुसरीकडे कुणी पाहिला असेल, तर मला येऊन सांगावं. मी माझं म्हणणं मागे घेईन. मामा स्वतः पन्नास किलोचा, तेही हिवाळ्यात स्वेटर घातल्यावर. त्याच्या पट्ट्याला दुकानातून आलेल्या भोकांपेक्षा त्यानं खिळा तापवून घरी पाडलेली भोकं जास्त, आणि दर उन्हाळ्यात त्यात एकाची भर. जोराचं वारं सुटलं की मामी त्याला गच्चीवरचं वाळवण काढायला पाठवत नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणत; मी मात्र त्याला एकदा वावटळीत विजेच्या खांबाला धरून उभा असलेला खरोखर पाहिला आहे. असा हा माणूस रविवारी सकाळी आमच्या टीव्हीसमोर बसला आणि पडद्यावर सव्वाशे-सव्वाशे किलोचे दोन गडी समोरासमोर आले, की त्याची छाती अशी भरून यायची की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागे. हेवीवेट म्हणजे बॉक्सिंग. बाकी सगळ्या वजनांचं बॉक्सिंग म्हणजे, त्याच्या शब्दांत, "शाळा सुटल्यावरची भांडणं".

मला गोष्टी क्रमानं सांगायची सवय आहे, म्हणून आधी त्याची नोकरी सांगते. आपल्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलांच्या वाटेवर ट्रक तोलायचा एक मोठा काटा आहे. जमिनीसपाट लोखंडी पूल. त्यावर भंगारानं भरलेला ट्रक उभा करायचा, केबिनमधल्या मीटरवर आकडा उठायचा, चिठ्ठी निघायची. माल उतरवून तोच ट्रक रिकामा परत आला की पुन्हा तोलायचा, भरल्यातून रिकामा वजा करायचा, शिक्का मारायचा. मामानं त्या केबिनमध्ये उभी हयात काढली. त्या काट्याला पाच किलोच्या आतलं काही कळत नसे. आकडा पाच-पाचनं चढायचा, पाच-पाचनं उतरायचा, मधलं जे काही असेल ते काटा इकडे किंवा तिकडे ढकलून मोकळा व्हायचा. पंचवीस टन लोखंडात दोन-चार किलोला कोण विचारतो. पण मामानं काट्याचा हा स्वभाव स्वतःलाच लावून घेतला होता. बाजारातून अडीच किलो वांगी आणायला सांगितली तर एक तर तो आणायचाच नाही, नाहीतर पाच किलो आणायचा.

मी त्याच एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पॅकिंग सांभाळते. आमचा सगळा कारभार ग्रॅमचा. पाकीट पाच ग्रॅमनं हलकं निघालं तर मी अख्खा लॉट थांबवते. याचं मामाला फार हसू यायचं. "भाचीबाई, तुमच्या कंपनीत काम करण्यापरीस मी धूर तोलीन," असं म्हणायचा. घरी कुणी आलं की "जेवून आलात का" असं विचारायची त्याची पद्धत नव्हती. "भरून आलात का रिकामे?" लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला की मामाचे डोळे बारीक व्हायचे आणि ओठ हलायचे: "पंच्याहत्तर. फेटा धरून." मला पाहायला आमचे हे आले तेव्हा सगळे शिक्षण, नोकरी, शेती विचारत होते. मामानं दारातूनच अंदाज घेतला आणि आईच्या कानात सांगितलं, "मिडलवेट हाये. लय मारणार न्हाई, लय खाणार न्हाई. टिकंल." पंचवीस वर्षं होत आली, टिकले आहेत.

बॉक्सिंगचं वेड त्याला लागलं ते एका पंजाबी ट्रक ड्रायव्हरमुळे. मिलचं गेट बंद म्हणून तो दिवसभर काट्यापाशी अडकून पडला आणि जाताना एक जुनं इंग्रजी मासिक केबिनमध्ये विसरून गेला. त्यात एका हेवीवेटचं दोन पानभर चित्र होतं. मामानं ते मीटरच्या वर चिकटवलं, आणि पुढं केबल आली, चॅनेल आले, तसा तो चित्रातून खेळात शिरला. परदेशी नावं त्याच्या जिभेला मानवत नसत. म्हणून त्यानं सगळ्या पैलवानांना आपल्या ओळखीची नावं देऊन टाकली. डोकं खाली घालून पुढं घुसणारा तो डंपर. लांब हातांचा, वरून मारणारा तो क्रेन. आधी थंड असणारा आणि पाचव्या राउंडनंतर तापणारा तो बॉयलर. एका रविवारी तो घरी जाताना गल्लीतूनच मामीला ओरडून सांगत गेला, "क्रेननं डंपर पाडला, दुसऱ्याच मिंटाला," तर शेजारची बाई घाबरून बाहेर आली आणि कोणत्या मिलमध्ये, कोणाला लागलं, असं विचारू लागली. तिचा नवरा क्रेनवर होता. मामानं तिला शांतपणे सांगितलं, "काळजी करू नका वैनी, अमेरिकेत झालं."

अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आपली रविवार सकाळ. जालन्यात मस्तगड भागात आमच्या घरी खेळाचं चॅनेल होतं, त्यामुळे मामा पाठीमागच्या गल्लीतून आठलाच हजर. त्याच्या मागोमाग यायचे चाचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांची बेकरी. मामाचे शाळेपासूनचे दोस्त. चाचांचं वजन एकशे दहाच्या घरात. आमच्या सोफ्याची एक बाजू त्यांच्यामुळेच कायमची बसली आहे. आणि ह्या चाचांचा जीव कशावर, तर सगळ्यात हलक्या वजनातल्या पोरांवर, पन्नास किलोची पोरं वाऱ्यासारखी फिरतात त्यांच्यावर. मी स्वयंपाकघरात पोहे करता करता दोघांचं ऐकत असे. भांडण वर्षानुवर्षं तेच, पण दर रविवारी नव्यानं.

"मामू, ये तुम्हारे पहाड तिसरे राउंड में एक-दूसरे के गले लगके सो जाते हैं," चाचा म्हणायचे. "उनको चादर दो, तकिया दो."

"झोपत न्हाईत ते. एकमेकाला तोलून पाह्यतात. शंभर किलो अंगावर टेकवून ठेवलं ना, तर समोरच्याचा दम ठोसा न मारता जातो. तुला काय कळणार, तू जन्मभर हवा भरलेली खारी विकली."

"खारी में हवा नहीं, हुनर है. और मेरे बच्चों के पाँव देखो. एका मिंटात चाळीस ठोसे मारतात."

"चाळीस मारतात आन एक बी पडत न्हाई. मंग कशाला मारतात? फ्लाय म्हंजे माशी, बँटम म्हंजे कोंबडा, फेदर म्हंजे पीस. माशी, कोंबडा आन पिसाची लढाई पाहाया मी रविवारची आंघोळ सोडून येऊ काय?"

पण चेष्टा बाजूला ठेवली तर मामाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. तो म्हणायचा, हलक्या वजनात जो पुढं निघाला तो पुढंच राहतो. एक-एक गुण साठत जातो, शेवटी कोण जिंकणार ते अर्ध्यातच कळतं. हेवीवेटमध्ये गडी नऊ राउंड मार खात आलेला असतो, बिलकुल संपलेला असतो, आणि एक ठोसा बरोबर बसला की सगळा हिशोब फिरतो. "म्हणून मी मधी उठून लघवीला बी जात न्हाई," तो म्हणायचा. "न जाणो." जगात ज्यानं सतत मार खाल्ला आहे त्याच्याकडेही शेवटपर्यंत एक ठोसा शिल्लक असतो, हे पाहायला त्याला फार आवडायचं. आणि डोंगराएवढा माणूस कोसळताना काय होतं, आधी गुडघा, मग हात, मग सगळा गडी, ते तो मिलमधलं धुराडं पाडल्याची हकिकत सांगावी तसं रंगवून सांगायचा. पंच आकडे मोजायला लागला की मामा सोबत मोठ्यानं मोजायचा. दहा झाले की मांडीवर थाप मारायचा आणि माझ्याकडे पाहून म्हणायचा, "भाचीबाई, चहा."

या दोघांच्या मधे, जमिनीवर, पोह्याची ताटली घेऊन माझी मुलगी बसायची. ऋतुजा. बोलायला लागली तेव्हापासून तिला डंपर आणि बॉयलर माहीत. मामाला ती मामाआबा म्हणायची, तो तिला चिमणी. पुढे आठवीत असताना तिनं स्टेडियमच्या मागच्या हॉलमध्ये बॉक्सिंग शिकायला नाव घातलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी फक्त वेळापत्रक पाहिलं, शाळा आणि शिकवणी यांत ते बसतं का ते तपासलं, दातांसाठीचं रबर आणि हातांच्या पट्ट्या कुठं मिळतात ते विचारलं आणि हो म्हटलं. मामाला ही बातमी तिनं स्वतः, पळत जाऊन सांगितली.

"अरे वा. कितीत खेळणार?"

"अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस काय, टन?"

"किलो, मामाआबा."

"हं." मामानं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "खेळ, खेळ. पळापळीचा खेळ बी अंगाला चांगला."

पुढची तीन-चार वर्षं ती खेळली, जिंकली, हरली, पुन्हा जिंकली. चाचा प्रत्येक मॅचला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या अडवून बसायचे. एकीत ते मावत नसत. मामा एकदाही आला नाही. कधी भंगाराच्या गाड्या जास्त असायच्या, कधी बदलीचा माणूस नसायचा, कधी मामीचे पाय दुखायचे. खरं कारण तो हसत हसत सांगायचा: "माझ्या काट्यावर जे उठत न्हाई, ते मी कशाला पाहाया येऊ?" ऋतुजाही हसायची. पण मॅचच्या आधी ग्लोव्ह्ज घालता घालता ती दाराकडे पाहायची ते मला दिसायचं. पदकं तिच्या कपाटात होती, त्यांचं तिला फार काही नव्हतं. ज्या माणसाच्या पायाशी बसून ती हा खेळ शिकली, तो एकदा समोर बसलेला तिला हवा होता. एवढंच, आणि ते काही जमत नव्हतं.

मग विभागाच्या संघाची निवड आमच्या गावात ठरली. उन्हाळ्याचे दिवस. वजन अठ्ठेचाळीसच्या आत भरलं पाहिजे, नाहीतर रिंगणात पाऊलही ठेवू देत नाहीत. मी तिला जेवणाचा तक्ता करून दिला होता: मुगाचं वरण, काकडी, एक भाकरी, ताक. घरच्या काट्यावर सकाळी सत्तेचाळीस आणि वर थोडं भरत होतं, म्हणजे सगळं बरोबर चाललं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी ड्यूटीवर, आणि ही पोरगी सायकल काढून गेली काट्यावर, मामाआबाला शेवटचं आमंत्रण द्यायला. पुढचं मला तिनं, मामानं आणि चाचांनी वेगवेगळं सांगितलं, पण तिघांचं जुळतं.

मामानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "चिमणे, गाडी बिलकुल रिकामी दिसून राह्यली."

"उद्या वजन आहे ना. सकाळी घरच्या काट्यावर सत्तेचाळीसच्या वर होतं."

"घरचा काटा? ती प्लास्टिकची बशी? तिला काय शिक्का हाये का कुणाचा? चल इकडं."

काट्यावर त्या वेळी कांद्याचा एक रिकामा टेम्पो उभा होता. मामानं ड्रायव्हरला खाली उतरवलं, ऋतुजाला त्याच्या जागी बसवलं आणि टेम्पो तोलला. मग तिला उतरवलं आणि नुसता टेम्पो तोलला. भरल्यातून रिकामा वजा केला, जसा तो आयुष्यभर करत आला होता. आकडा आला पंचेचाळीस. रीतसर चिठ्ठी निघाली, वर शिक्का. आता पाच-पाचनं चालणारा काटा दोनदा वापरला तर चूक दोन्हीकडून येते हे पॅकिंगमधल्या नव्या मुलीलासुद्धा मी पहिल्या दिवशी शिकवते. पण मामाच्या जगात चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

"तीन किलो जागा शिल्लक हाये," त्यानं सांगितलं. "एवढी कमी भरून गाडी पाठवती का कोणी? तुझी आई पाकिटाच्या हिशोबानं चालती. चल घरी."

मामीनं आमरस केलेलाच होता. पुऱ्या तळल्या, कुरडया तळल्या. येताना बेकरीपाशी थांबले, चाचांनीही चिठ्ठी पाहिली, शिक्का पाहिला आणि क्रीमरोल काढले. कित्येक दिवसांची भुकेली पोरगी जेवली ती अशी जेवली. आणि आपली चिठ्ठी किती खरी ते पाहण्यासाठी मामानं कबूल केलं की उद्या सकाळी तो स्वतः तिला सोडायला येईल. "सोडायला," त्यानं दोनदा बजावलं. "पाहाया न्हाई."

दुसऱ्या दिवशी हॉलच्या व्हरांड्यात वजन सुरू होतं. ऋतुजा काट्यावर उभी राहिली, आणि लाल आकडे थांबले ते अठ्ठेचाळीस पूर्णांक चार दशांशावर. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मामाकडं पाहिलं, मामानं खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, हे बघा, कालचं वजन. शिक्क्याचं."

टेबलामागच्या तरुण पंचानं चिठ्ठी वाचली. "काका, यावर गाडी नंबर आहे."

"त्यातून गाडी वजा हाये. खाली बघा."

"चारशे ग्रॅम जास्त आहे हो पोरगी."

"चारशे ग्रॅम," मामा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रॅम हा शब्द त्यानं न हसता उच्चारला. "एवढा तर चिखल असतो साहेब, टायरला. आमी मोजत न्हाई."

"इथं मोजतात. तासाभरात वजन बंद होईल. तोवर उतरलं तर बघू."

रागवायला वेळ नव्हता. मी कामं वाटून दिली. माझ्याकडे डिकीत पावसाळी कोट होता, तो ऋतुजाला चढवला, वरून मामाच्या मोपेडच्या सीटवरचं जाड कापड गुंडाळलं आणि तिला दोरीवरच्या उड्यांना लावलं. चाचा वेळ पाहायला. मामाला काही काम दिलं नव्हतं. तो तिच्यापुढे उभा राहून तिच्या प्रत्येक उडीबरोबर टाचा उचलत होता. मग ती मैदानाला फेऱ्या मारायला लागली तसा तोही निघाला, चपला हातात घेऊन, त्या उन्हात, तापलेल्या मातीवरून. एक फेरी झाल्यावर चाचा ओरडले, "मामू, तुम मत दौडो, तुम तो फ्लाय भी नहीं बचोगे." मामा पळतच राहिला. पुन्हा काट्यावर आली तेव्हा मामानं तिच्या केसांतल्या पिना काढल्या, कानांतले खडे काढले, मनगटाचा काळा दोरा दातानं तोडला, आणि ते सगळं मुठीत धरून तो त्या लाल आकड्यांसमोर इतका वाकला की पंचाला त्याला मागं सरकवावं लागलं. आकडे अठ्ठेचाळीसवर थांबले, डळमळले, आणि खाली आले. सत्तेचाळीस पूर्णांक नऊ.

"आता तू जा," ऋतुजा धापा टाकत म्हणाली. "सोडायलाच आला होतास ना."

मामानं माझ्याकडं पाहिलं, चाचांकडं पाहिलं. "दम खा आधी," तो तिला म्हणाला. "मी हाये."

समोरची मुलगी परभणीकडची होती. तेवढीच बारीक, तेवढ्याच उंचीची, डोळ्यांत तोच करारीपणा. मी पहिल्या रांगेत, चाचा आपल्या दोन खुर्च्यांवर. मामा बसला नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. घंटा झाली आणि दोघी एकमेकींवर गेल्या. मी रविवारी स्वयंपाकघरातून कानानं पाहिलेलं बॉक्सिंग आणि हे यात फार फरक होता. हलक्या वजनातल्या ठोशाचा आवाज मोठा नसतो, पण तो कोणाला बसला ते प्रत्येक वेळी चेहऱ्यावर दिसतं. पहिल्या राउंडमध्ये ऋतुजाच्या नाकातून रक्त आलं. मी मागं पाहिलं. मामाच्या ओठांवरून आवाज न येता काहीतरी चाललं होतं. राउंड संपला तेव्हा तो खुर्च्यांपर्यंत आला आणि मला म्हणाला, "भाचीबाई, हे थांबव." मी म्हटलं, "मामा, हे असं मधेच थांबवता येत नाही." त्यावर तो म्हणाला, "ते डंपर-बॉयलर पडतात तव्हा पहाड पडल्यासारखं वाटतं. पहाडाची कोणाला दया येत न्हाई. ही तर माणसं हायेत गं."

दुसऱ्या राउंडमध्ये ऋतुजाचा डावा हात आत शिरला, मागोमाग उजवा, आणि ती परभणीची पोर खाली बसली. लोक उठून उभे राहिले. चाचांच्या दोन्ही खुर्च्या मागं पडल्या. पंच मोजायला लागला, आणि मी आपोआप मामाकडं पाहिलं, कारण मोजायचं काम आमच्याकडे नेहमी त्याचं. मामानं डोळ्यांवर हात घेतला होता. ऋतुजाच्या पिना आणि कानांतले खडे त्याच मुठीत होते.

"उठली का?" त्यानं विचारलं.

"उठतेय."

"उठली का गं?"

"उठली, मामा. उभी आहे."

तेव्हा कुठं त्यानं हात काढला. शेवटी ऋतुजा गुणांवर जिंकली. तिनं रिंगणातून आधी दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग तिला मामा दिसला, माझ्याजवळ, पहिल्या रांगेत उभा. तिचं ते हसणं मी अजून विसरले नाही. रबर लावलेल्या दातांनी, सुजलेल्या नाकानं हसत होती. मामानं दोन्ही हात वर केले, अगदी टीव्हीतल्यासारखे. मग सगळे तिच्याभोवती जमले तेव्हा तो कुठं दिसेना. शोधायला गेले तर तो समोरच्या कोपऱ्यात त्या परभणीच्या मुलीपाशी उकिडवा बसला होता आणि चाचांच्या पिशवीतली नानखटाई तिला देत होता. घरी जाताना आम्ही सगळे खुशीत होतो. मामा एकच वाक्य बोलला: "तिच्या संगं घरचं कोणीच आल्तं न्हाई."

ऋतुजाची ती इच्छा पुरी झाली. मामा नंतर तिच्या मॅचला पुन्हा कधी गेला नाही, आणि आता तिनंही आग्रह केला नाही. पण त्या दिवसानं मामाचं काहीतरी नेलं. रविवारी तो येत राहिला, चाचांशी भांडत राहिला, क्रेनची बाजू घेत राहिला. मात्र एखादा भिडू गुडघ्यावर आला आणि पंचानं बोट वर केलं, की मामा उठून स्वयंपाकघरात यायचा. आधी मला वाटलं पाणी हवं असेल. तो ओट्याला टेकून उभा राहायचा, कढीपत्त्याच्या डहाळीशी चाळा करायचा आणि म्हणायचा, "बघ गं, उठला का." मी पोह्यांचा झारा हातात घेऊन दारातून डोकावायची आणि सांगायची. उठला असेल तर तो परत जाऊन बसायचा. उठला नसेल तर म्हणायचा, "घरी बायको पाहत असंल," आणि चहा न घेता मागच्या दारानं निघून जायचा. चाचा एकदा मला हळूच म्हणाले, "बेटी, हमने इसको हलके वजन का मजा सिखाना था. ये क्या सीख गया." त्यांना वाईट वाटत होतं. वादात मामाला हरवण्यात त्यांना आनंद होता, पण माणूस असा हरायला नको होता.

आता मामानं काटा सोडला. धावडा या गावी त्याच्या वाट्याचं रान आहे, तिथं मामीसोबत राहतो. मका लावतो, आणि पोती किती भरतील याचा अंदाज अजून उभ्या पिकाकडं पाहून सांगतो. ऋतुजा शिकायला बाहेरगावी. आमच्या गल्लीत आता रविवार तसा शांत असतो. पण माझ्या रविवारच्या कामांत आठची वेळ मी मोकळी ठेवते. टीव्हीवरचा एक राउंडही कधी धड बसून न पाहिलेली मी, टीव्ही लावून सोफ्याच्या चांगल्या बाजूला बसते. चाचा खारी घेऊन येतात आणि बसलेल्या बाजूला बसतात. त्यांच्याशी वाद घालायला कोणी नाही, म्हणून तेच आताशा म्हणतात, "देखो बेटी, क्या धक्का है. हलक्या पोरांत हे न्हाई हां." मी मान हलवते. मग फोन वाजतो.

"कोण होतं आज?" मामा विचारतो. मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज असतो.

"नवीन आहेत दोघं. तुझ्या हिशोबानं एक रोलर आणि एक ट्रॅक्टर."

"पडला का कोणी?"

"ट्रॅक्टर पडला. सातव्यात."

हे मागच्या रविवारचं. तो पडलेला गडी खरंच उठला नव्हता. पंचानं मोजून संपवलं होतं, डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून पाहत होते, तो उताणा पडून छताकडं पाहत होता, आणि पडद्यावर ते अजून चालूच होतं.

"उठला का पण?" मामानं विचारलं.

पाच ग्रॅमसाठी लॉट थांबवणारी बाई मी. मी चाचांकडं पाहिलं.

"उठला, मामा. लगेच उठला."

मोटारीचा आवाज येत राहिला. "चाचाला दे बरं फोन," मामा म्हणाला.

चाचांनी हातातला खारीचा तुकडा खाली ठेवला, बोटं झटकली, फोन कानाला लावला. "हां मामू," ते म्हणाले. "उठा ना. अपने पाँव पे चल के गया."